गजामामा आणि प्राचीच्या लग्नातली कानपिळी

माझ्यासाठी आधी नवरा आणि मग नवरी शोधणारे गजामामा आज पहाटे झोपेतच गेले.

आईचे थोरले भाऊ. फुलसावंगीला कापूस-सोयाबीन, पण खरा जीव लग्नं जमवण्यात.

मी आर्णीत मुलगी म्हणून वाढत होतो, तेव्हा मामांनी एकेक स्थळ आणलं. बँकवाला, डेअरीवाला, एक तर थेट बुलेटवर आलेला.
मी सगळे नापास केले.

"तुले पायजे तरी कसा?" मामा वैतागले.

मला तरी कुठे ठाऊक होतं? मी त्या पोरांकडे टक लावून बघायचो, हे खरं. पण त्यांचा शर्ट बघायचो. पाय फाकवून ऐटीत बसणं बघायचो. मिशी बघायचो.
मला ते नको होते. मला तसं व्हायचं होतं.
हे कळायला बरीच वर्षं गेली.

पुढे नागपूरला नोकरी, काउन्सेलिंग, डॉक्टर, हार्मोन्स. आवाज फुटला. निखिल हे नाव घेतलं.
घरी सांगितलं, तर बाबांनी बोलणं टाकलं.

मग मामांना फोन केला.

"आवाज काहून असा? सर्दी झाली का तुले?"
"नाही मामा. मी पोरगा आहे. आतून आधीपासूनच होतो."

मामांनी थेट हिशेबच मागितला.

"मंग इतके पोट्टे आर्णीले कायले आनाले लावले मले?"

दुसऱ्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एका मुलीचा बायोडाटा. खाली लिहिलेलं, 'स्वयंपाक येते. तुले येते का?'

मग धाकट्या बहिणीचं, प्राचीचं लग्न ठरलं. बाबांचा आईकरवी निरोप आला, ये, पण मागं बस.
मी शेवटच्या रांगेत, कूलरला चिकटून.

कानपिळीची वेळ झाली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. बाबांनी आमच्या चुलतभावाला खूण केली.
मामांनी भटजींचा माईकच ओढला.

"थांबा! सख्खा भाऊ बसला ना तिथं. निखिल, ये बे! कूलरची हवा काय खाऊन राह्यला?"

सगळ्यांच्या माना मागं वळल्या.

"गजाभाऊ, लोक पाहून राह्यले," बाबा दात आवळून म्हणाले.
"पाहालेच तर बोलावलं त्यायले!"

मी गेलो.
प्राची हळूच म्हणाली, "जोरात पिळ, दादा."

दादा. तिच्या तोंडून पहिल्यांदाच.

मी इतका जोरात पिळला की नवरदेव माईकमध्ये "आई गं!" ओरडला. अख्खा मंडप हसला.
बाबा सोडून.

पण पंगतीत तेच बुंदी घेऊन आले. माझ्या ताटात वाढली, खाली बघतच म्हणाले, "एवढा जोरात पिळतेत का बे?"

आज सकाळी फोनही त्यांनीच केला.

"मामा गेले तुझे. लवकर ये. तुले खांदा द्याचा आहे."

बसमध्ये बसलोय.

येतोय, मामा. तुम्हाला तुमच्या भाच्याचा अखेरचा नमस्कार.