लाल पिशव्यांची मालकीण

केणे लाँड्रीच्या गोदाताईंनी आपल्या कामगाराला, मारुतीकाकाला, कोरोनावाल्यांच्या चादरी धुवायला लावल्या आणि त्यात म्हातारा गेला, असं डोंबिवलीजवळच्या आमच्या कोपरमध्ये अजूनही सांगतात. मीही सांगितलंय. निदान चार जणांना, आणि त्यातल्या दोघांनी तर ऐकताना मला चहा पाजला. तेव्हा आधी हे निस्तरतो. मारुतीकाकाने हॉस्पिटलची एक चादरसुद्धा हातात घेतली नव्हती. गोदाताईंनी घेऊच दिली नव्हती.

आमची बिल्डिंग उभी आहे ती जागा म्हणजे केण्यांची भातशेती. बिल्डरने शेत घेतलं, पण मागचा पट्टा गोदाताईंनी काही दिला नाही. नवरा गेल्यावर त्या पट्ट्यावर पत्र्याची शेड टाकून त्यांनी लाँड्री काढली. ठाण्यातलं एक हॉस्पिटल, डोंबिवलीतली दोन नर्सिंग होम आणि शिवाय आमच्यासारख्यांचे घरगुती कपडे. बाई साठीच्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की दोन्ही मशिनं चालू असतानाही आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळतं आज कोणाचा नंबर लागलाय. मी एकदा म्हटलं, ताई, तुम्हाला मशिनची गरज काय, कपडे घाबरूनच पांढरे होतील. त्यावर त्यांनी माझ्याच शर्टाची कॉलर उलटी करून अख्ख्या काउंटरला आतला मळ दाखवला.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. हॉस्पिटलचे कपडे धुणाऱ्या आणखी दोन लाँड्र्या होत्या, त्यांनी कुलूप लावलं. हॉस्पिटलचा माणूस फोनवर रडकुंडीला आला, पेशंटखाली अंथरायला चादर नाही म्हणाला. गोदाताईंनी अकराही कामगारांना शेडमध्ये उभं केलं आणि सांगितलं की ज्याला घरी जायचंय त्याने आत्ता जावं, परत आला तर काम असेल आणि राग नसेल. चौघे गेले. उरलेल्या सात जणांची झोपायची सोय त्यांनी शेडमध्येच केली, जेवण स्वतःच्या घरून. मग अडलं ते लाल पिशव्यांवर. कोरोना वॉर्डचे कपडे लाल पिशवीत बांधून यायचे आणि ती उघडायला कोणीच पुढे होईना.

"पिशवी मी खोलीन," गोदाताई म्हणाल्या. "तुम्ही मशिनपासून पुढचं बघा."

पीपीई किट मिळत नव्हतं. मग रेनकोट, लांब हातमोजे आणि डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट असा अवतार करून बाई रोज सकाळी पिशव्या ब्लीचच्या हौदात रिकाम्या करायच्या. मी गॅलरीतून फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'चांद्रयान कोपरला उतरलं'. सगळे खूप हसले.

हसणाऱ्यांनीच आठवड्याभरात पत्र लिहिलं. लाँड्रीमुळे रहिवाशांच्या जिवाला धोका आहे, ताबडतोब बंद करा. सेक्रेटरी चांगदेवराव माझ्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. सह्या त्यांनी गोळा केल्या, माझीही घेतली, आणि शेडपासून दहा फुटांवर पत्र दगडाखाली ठेवून परत आले. गोदाताईंनी ते वाचलं, चार घड्या घातल्या आणि वर आमच्या गॅलऱ्यांकडे बघून म्हणाल्या की तुमचं कोण ॲडमिट झालं तर त्याला उघड्या गादीवर झोपवायला सांगा.

मारुतीकाका मूळचे पाटण तालुक्यातले, बासष्ट वर्षांचे, एका कानाने कमी ऐकायचे. वय बघून गोदाताईंनी त्यांना पिशव्यांपासून लांब, शेडच्या दुसऱ्या टोकाला इस्त्रीवर ठेवलं. ऑगस्टमध्ये घरगुती कपडे पुन्हा घ्यायला लागल्या तेव्हा ते काउंटरही त्यांच्याकडेच दिलं, सगळ्यात बिनधोक काम म्हणून. बिल्डिंगला अट एकच घातली. घरात कोणाला ताप-खोकला असेल तर स्वतः यायचं नाही, नुसता फोन करायचा. कपडे आमचा माणूस दारातून उचलेल, ते लाल पिशवीत जातील आणि नाव कोणाला कळणार नाही. तीन आठवड्यांत एकही फोन आला नाही. आमची बिल्डिंग इतकी ठणठणीत त्याआधीही नव्हती, नंतरही झाली नाही.

आणि मला भिंतीतून चांगदेवरावांचा खोकला ऐकू येत होता. सोमवारी सुरू झाला. मंगळवारी त्यांनी माझी स्कूटर मागून नेली आणि ठाण्याला जाऊन टेस्ट केली. पत्ता दिला तिथेच खोपटला राहणाऱ्या बहिणीचा, कारण इथला दिला तर बिल्डिंग सील. बुधवारी, रिपोर्ट यायच्या आधी, हे गृहस्थ गाठोडं घेऊन लाँड्रीत गेले. आधीच्या खेपेला उशीचा एक अभ्रा कमी आलेला, त्यावरून पाव तास वाद घातला. काकांना ऐकू येईना, तेव्हा मास्क हनुवटीखाली ओढून, त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन. मी गॅलरीत उभा राहून हे बघत होतो आणि मला मजा वाटत होती.

गुरुवारी रिपोर्ट आला.

"कमलेश, कुठे बोलू नका," चांगदेवराव गॅलरीच्या जाळीतून म्हणाले. "सील झालं तर तुमचं दुकानही बसलं."

माझं स्टेशनरीचं दुकान नुकतंच कुठे रोज उघडायला लागलेलं. मी बोललो नाही. सगळ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी नीट गुप्त ठेवली.

रविवारी काकांना कणकण आली. गोदाताईंना कळलं तर कामावरून बसवतील म्हणून त्यांनी तीन दिवस अंगावर काढलं, इस्त्रीच्या गरमीने होतंय म्हणाले. मग दम लागला. गोदाताईंनी त्यांना टेंपोत शेजारी बसवून ठाण्याला नेलं. ज्या हॉस्पिटलच्या चादरी त्या धूत होत्या, तिथेच दोन तास भांडून खाट मिळवली. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस आधी आणलं असतंत तर बरं झालं असतं. नवव्या दिवशी काका गेले. दुसऱ्या सकाळी त्या वॉर्डच्या लाल पिशव्या आल्या, त्याही गोदाताईंनीच उघडल्या.

काकांची बायको विमलाबाई गावाहून आली ती पंधरा दिवसांनी. लाँड्रीपर्यंत पोचायच्या आत आमच्या गेटवर तिला सगळं सांगून झालं होतं. शेडच्या दारात उभी राहून ती गोदाताईंना म्हणाली, "माझ्या माणसाला मेलेल्यांच्या चादरी दिल्यात."

गोदाताईंनी तिला इस्त्रीचं टेबल दाखवलं, पिशव्या कुठे उघडतात ते दाखवलं. कामगारांनी मुलाबाळांच्या शपथा घेतल्या. विमलाबाईने एकच विचारलं, मग त्यांना झालं कुठून? याचं उत्तर गोदाताईंकडे नव्हतं. ते तिसऱ्या मजल्यावर दोघांकडे होतं. त्यातला एक गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होता आणि दुसरा मी.

त्यानंतर गोदाताई दर वर्षी पाटणला जात राहिल्या. हॉस्पिटलवाले, कामगार, डॉक्टर, कोण काय म्हणतं याची त्यांना पर्वा नव्हती. त्या बाईने तेवढं मानावं, एवढंच त्यांना हवं होतं. तिने एकदाही दार उघडलं नाही.

यंदा सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. कमिटीने ठरवलं की कोरोनाकाळात धीराने धंदा चालू ठेवणाऱ्या स्थानिक उद्योजिकेचा सत्कार करायचा. गोदाताई आता उद्योजिका झालेल्या. आमंत्रण द्यायला मला पाठवलं, गोड बोलतो म्हणून. त्या टॉवेलच्या घड्या घालत होत्या. शाल कोण देणार, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सेक्रेटरी, चांगदेवराव. आणि ते नाव घेतल्यावर माझ्याच्याने पुढे गोड बोलवेना. खोकला, स्कूटर, खोपटचा पत्ता, हनुवटीखालचा मास्क, सगळं ओकलो. शेवटी म्हटलं, ताई, आपण दोघं पाटणला जाऊ, मी विमलाबाईंच्या पायावर डोकं ठेवून सांगतो.

गोदाताई म्हणाल्या की विमलाबाई गेल्या दिवाळीत वारली. निरोप दुसऱ्याकडून आला, आणि आला तोही तेराव्यानंतर.

मी काहीतरी म्हणालो, तेव्हा वेळच तशी होती, सगळेच घाबरलेले, असं काहीसं. त्यांनी हातातला टॉवेल गठ्ठ्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"माझं सुनेशी भांडण झालं तर तू ते संध्याकाळच्या आत ठाण्याला पोचवतोस, कमलेश. पाच वर्षं हे एवढंच तुझ्या पोटात कसं रायलं रे?"