सासूवर किकची प्रॅक्टिस

शाहूपुरीत आमचं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथून दोन गल्ल्या पुढे, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर किकबॉक्सिंगचा क्लास निघाला. संध्याकाळी फक्त बायकांची बॅच. थायरॉईडमुळे माझं वजन वाढत चाललं होतं आणि चालायला जायचा मला मनापासून कंटाळा, म्हणून मी नाव घातलं. पंच मला लगेच जमले. किकचं मात्र काही खरं नव्हतं. मला वाटायचं, लाथ मारायला काय शिकायचं असतं? पाय उचलायचा आणि घालायचा. आमची कोच म्हणजे पंचविशीतली, बारीक चणीची पोरगी. तिनं पहिल्याच दिवशी माझा हा गैरसमज काढून टाकला. आधी गुडघा वर, मग ज्या पायावर उभं आहोत त्याची टाच फिरवायची, मग कंबर वळवायची. मारणारा पाय सगळ्यात शेवटी येतो. आणि लागायला हवी नडगी, बोटं नव्हेत. बोटं लागली की काय होतं ते मला लवकरच कळलं, आणि काही दिवस दुकानात अनवाणी बसावं लागलं. हात सतत हनुवटीजवळ हवेत. माझे हात पाय उचलला की आपोआप खाली जायचे, निऱ्या सावरायला. "काकू, साडी नाही नेसलाय तुम्ही," कोच हॉलभर ऐकू जाईल अशी ओरडायची.

मला ते सगळं फार आवडायला लागलं. घाम, आवाज, बायकांची टवाळी, सगळंच. घरी येऊन मी जेवताना वर्णन करायचे आणि अव्वा घास हातात धरून ऐकत बसायच्या.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. नवरा आईला अव्वा म्हणतो, म्हणून मीही म्हणते. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. साठी कधीच ओलांडलेल्या, अंगानं दणकट आणि आवाजानं त्याहून. गेल्या वर्षी स्टँडवर एसटीतून उतरताना त्या पडल्या आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण तेव्हापासून माझ्या नवऱ्यानं त्यांचं एकटीनं जाणं-येणं बंद करून टाकलं. आजऱ्यात त्यांची थोरली बहीण राहते. महिन्याकाठी एसटीनं एकटीनं तिकडे जायचं, दोन दिवस बहिणीशी मनसोक्त भांडायचं आणि पिशवीभर काजू घेऊन परत यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता नवरा म्हणायचा, मी गाडीनं सोडतो. त्याला वेळ व्हायचा तो दिवाळीत. अव्वांना गाडी नकोच होती, एकटीनं जायचं होतं. तेवढं एकच मागणं त्या रोज करायच्या आणि तो रोज मोबाइलमध्ये डोकं घालायचा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाय चांगले आहेत, तोल सांभाळायचा व्यायाम करा. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर, बसा खुर्चीवर, जमेल तेवढं करा. चार-आठ दिवस त्या खुर्चीवर बसल्या. मग एकदा किकसाठी माझ्यासमोर पॅड धरणारी जोडीदार आली नाही. अव्वा उठल्या आणि कोचला म्हणाल्या, "दे की गं पोरी ती उशी. धरायचीच हाय न्हवं?"

कोचनं आधी त्यांना एका पायावर उभं करून पाहिलं, दोन्ही खांद्यांना हलकेच ढकलून पाहिलं आणि मग ते जाडजूड पॅड त्यांच्या हातात दिलं. एक पाय पुढे, एक मागे, कोपरं अंगाला, पॅड छातीपाशी घट्ट. अव्वा अशा उभ्या राहिल्या की समोरून बैल आला असता तरी हलल्या नसत्या.

आणि मी समोर उभी राहिले.

आपल्याकडे कुणाला चुकून पाय लागला तरी वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. इथं तर समोर सासू. मी पहिली किक मारली, म्हणजे पॅडला नडगी टेकवली, आणि लगेच वाकून अव्वांच्या दंडाला हात लावून नमस्कार केला. सगळा हॉल हसला. कोच म्हणाली, "काकू, दर किकला नमस्कार केला तर राउंड कधी संपायचा?" मी ओशाळले, पण पुढच्या किकलाही हात गेलाच.

अव्वांना असली अडचण अजिबात आली नाही. पॅड माझ्या हातात आलं तेव्हा त्यांची किक जेमतेम माझ्या मांडीपर्यंत पोचायची, पण प्रत्येक किक अगदी मनापासून. "लई वर्सांची हौस हाय," म्हणायच्या आणि पुन्हा हाणायच्या. इतकं खूश मी त्यांना त्या वर्षात पाहिलं नव्हतं.

नमस्कार पुढे सुटला, पण माझी किक काही सुधारेना. छताला टांगलेल्या मोठ्या बॅगवर मी अशी मारायचे की साखळी वाजायची. समोर अव्वा आल्या की टाच फिरायची, कंबर वळायची आणि पॅडच्या अलीकडे वीतभर पाय आपोआप ब्रेक मारायचा. कोच बजावून थकली, "पॅडपर्यंत नाही, पॅडच्या पलीकडे मारायचं. आज्जी तुमच्या किकवर भार टाकून उभ्या असतात. किक आलीच नाही तर त्या पुढं येणार."

तसंच झालं. एका संध्याकाळी मी जोरात सुरुवात केली, अव्वांनी पॅड पुढे रेटलं, मी ऐनवेळी पाय आखडला आणि अव्वा तोल जाऊन पुढे आल्या, गुडघ्यावर आपटल्या. थोडं खरचटलं, एवढंच. पण घरी नवऱ्यानं ते पाहिलं आणि त्याचं बोलणं सुरू झालं. क्लास बंद. आजऱ्याचं नावसुद्धा काढायचं नाही. या वयात हे नसते धंदे कुणी सांगितलेत, आणि हिला तरी अक्कल नको का, वगैरे वगैरे.

स्वयंपाकघरात मी भाकरी थापत होते, तिथं अव्वा येऊन उभ्या राहिल्या.

"मी कुणामुळं पडलो गं?" त्यांनी विचारलं. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना असंच पुरुषासारखं बोलतात.

"माझ्यामुळं, अव्वा."

"व्हय. मारतो म्हनून पाय उचललास आनि मारलीच न्हाईस. त्यो मला घरात कोंडतोय, आनि तू मला फुंकर मारतीस. मी काय काचंची बरनी हाय व्हय?"

मला फार वाईट वाटलं. पाय आखडण्याला मी मान देणं समजत होते आणि त्यांच्या लेखी तो अपमान होता. मी काही बोलणार त्याच्या आत त्या बाहेर गेल्या आणि लेकाला म्हणाल्या, "उद्या तू सोता ये. बघ. पडलो तर समदं बंद. न्हाय पडलो तर मी आजऱ्याला जानार, एकटी."

दुसऱ्या दिवशी तो आला. बूट काढून दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. बायकांची बॅच असल्यामुळे कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं. अव्वांनी पाय पुढे-मागे टाकले, पॅड छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "हं."

आता पाय आखडला तर त्या पडणार, नुसत्या पडणार नाहीत, कायमच्या घरात बसणार. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांच्या मागे खिडकी होती, तिच्यावर नजर ठेवली. गुडघा वर घेतला, टाच फिरवली, कंबर सोडली आणि त्या खिडकीपर्यंत मारायचं म्हणून मारली.

धप्प. अव्वांचा मागचा पाय थोडा घसरला आणि थांबला. बाकी त्या जागच्या जागी.

"आनि एक," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा मारली. मग पुन्हा. श्वास लागेपर्यंत मारत राहिले, आणि प्रत्येक किकला त्यांचा चेहरा फुलत गेला. शेवटी पॅड खाली न ठेवताच त्या दाराकडे वळल्या. "आता तू ये. तूबी मारून बघ."

माझा नवरा पुढे आला. पॅन्ट जरा वर ओढली, एक पाय मागे घेतला. कोचनं त्याला कसं उभं राहायचं ते सांगितलं. आईसमोर तो तसाच उभा राहिला, पण पाय काही जमिनीवरून उचलला नाही. मला मनातल्या मनात बरं वाटलं, की हा आजार मला एकटीला नव्हता. मग दोन्ही पाय जुळवून त्यानं विचारलं, "अव्वा, कुठल्या एसटीनं जातीस?"

"सकाळच्या. आनि स्टँडपतोर कोन यायचं न्हाय."

कुणी गेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी रिक्षा थांबवली, पिशवी आत टाकली आणि मागे न बघता गेल्या. त्यानंतर नवरा दुकानात दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होता आणि मी बघत नाही असं दाखवत होते. दुपारी गिऱ्हाइकाला पंपाचं सील दाखवत असताना फोन वाजला. माझाच, त्याचा नाही.

"पोचलो गं," अव्वा म्हणाल्या. "एकटी आलो."

मागे त्यांची बहीण मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होती आणि अव्वा फोन कानाला लावूनच तिच्याशी भांडायला लागल्या. मला रडूच फुटलं. इतका आनंद झाला की काउंटरवर उभ्या उभ्याच डोळे पुसत राहिले.

गिऱ्हाईक घाबरलं. "काय झालं वहिनी? काय वाईट बातमी हाय काय?"

"न्हाय," मी म्हटलं, "सासूबाई गावाला गेल्या."

"मग रडताय कशाला?" त्यानं विचारलं.