पुठ्ठेवाल्यांच्या दोन पुस्तिका

आमच्या जिन्याखालच्या दोन खोल्यांत पुस्तकबांधणीचं काम करणाऱ्या गृहस्थांना सगळी गल्ली पुठ्ठेवाले म्हणत असे. त्यांचं पाळण्यातलं नाव मला माहीत होतं, पण मीसुद्धा त्यांना पुठ्ठेवालेच म्हणायची आणि ते मला बाई म्हणायचे. पुढच्या खोलीत लांबट टेबल, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र, खळीचा डबा आणि भिंतीला टांगलेल्या दोऱ्याच्या लडी. मधे प्लायवूडची भिंत आणि तिच्या दाराला पडदा. पलीकडच्या खोलीत त्यांची अम्मी, जिला चार वर्षांपासून खाटेवरून उठता येत नव्हतं. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नव्हतं. माणूस सकाळी आईची वेणी घालायचा आणि मग दिवसभर लोकांच्या पुस्तकांना टाके घालायचा.

त्यांचा एक नियम होता. जे बांधायचं ते वाचायचं नाही. त्यांच्या उस्तादांनी शिकवलेला. "न्हावी गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय ते विचारतो का? तो केस कापतो," ते म्हणायचे. "वाचायला लागलो की हात मंदावतो. शिवाय माणूस बाजू घ्यायला लागतो. मग एका पुस्तकाची शिलाई घट्ट होते, दुसऱ्याची ढिली."

मला हा नियम फार सोयीचा होता. मी रोजनिशी सुट्या कागदांवर लिहिते आणि वर्ष संपलं की ती बांधून घेते. माझे यजमान गेले त्या वर्षीचे कागद मी याच माणसाच्या हातात बिनघोर दिले. त्यांनी ते ठोकून सारखे केले, अंगठ्यानं जाडी पाहिली आणि एवढंच म्हणाले, "यंदा जास्त लिहिलंत, बाई. कापड जरा रुंद घेतो." त्यानंतर दुपारी चहा झाला की मी त्यांच्याकडच्या स्टुलावर जाऊन बसू लागले.

अम्मीला तीन मुलं. थोरले जवळच्या छोट्या मशिदीत इमाम. मधली मुलगी, जिला पुठ्ठेवाले आपा म्हणत, ती दोन गल्ल्या टाकून राहायची. तिचे यजमान शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. धाकटे आमचे पुठ्ठेवाले. आपाच्या घरापासून अम्मीच्या खाटेपर्यंत चालत दहा मिनिटं. पण दोन वर्षं ती दहा मिनिटं कोणी चाललं नव्हतं.

कारण ऐकलं तेव्हा मी आधी चकित झाले. भांडण शेतावरून नाही, दागिन्यांवरून नाही, चक्क येशूवरून. दोन वर्षांपूर्वी अम्मीकडे सगळे जेवताना इमामसाहेब सहज म्हणाले होते की जगाच्या अखेरीला हजरत ईसा, म्हणजे येशू, आकाशातून उतरतील. मास्तरांनी घास खाली ठेवला.

"ते येणार असतील तर आपले पैगंबर शेवटचे कसे?" मास्तर म्हणाले. "शेवटची गाडी गेल्यावर पुन्हा गाडी सुटते का?"

"नवी सुटत नाही," इमामसाहेब म्हणाले. "पण आधीच सुटलेली गाडी परत स्टेशनात आली तर तिला नवी म्हणतात का? त्यांना पैगंबरी आधीच मिळालेली आहे. नवी नेमणूक नाही, नवा कायदा नाही. आपल्याच पैगंबरांच्या वाटेनं चालायला येणार."

"मग हातात काही काम नसलेला माणूस कशाला बोलवायचा? दीन, आपला धर्म, पूर्ण झालाय. आता जे करायचं ते आपण करायचं. लोक वाट बघत बसतात आणि आळशी होतात."

"सगळी उम्मत, सगळा मुसलमान समाज, चौदाशे वर्षं जे मानते ते तुम्ही नकाशावर शोधता आहात, मास्तर."

इथवर हसण्यावारी जाण्यासारखं होतं. पण बोलता बोलता बोलणं वाढलं. इमामसाहेब म्हणाले की हे नाकारणाऱ्या माणसाबरोबर मी जेवायला बसणार नाही. मास्तरांनी चपला घातल्या आणि म्हणाले, जिथे मला जागा नाही तिथे माझ्या बायकोलाही नाही. आपा नवऱ्याच्या मुठीत होती असं मुळीच नाही. पण तिचा स्वतःचा अभिमान होता. भाईजाननं, म्हणजे इमामसाहेबांनी, एकदा 'ये' म्हणावं, एवढीच तिची अट. आणि भाईजान म्हणत, यायला तिला कोणी नको म्हटलंय?

मी पुठ्ठेवाल्यांना सांगितलं की आमच्या शाळेतल्या सिस्टरही आम्हाला हेच शिकवायच्या, तो पुन्हा येणार, न कळवता येणार, म्हणून मुलींनो, पिनाफोर नेहमी इस्त्रीचा ठेवा. ते खळ ढवळता ढवळता हसले.

"म्हणजे तुमच्या सिस्टर आणि आमचे भाईजान एकाच बसस्टॉपवर उभे आहेत, आणि एकमेकांकडे बघत नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी तिकडे जाणाऱ्यांच्या पिशव्या शिवतो, बाई."

असं ते टाळायचे. पण त्यांना काय डाचत होतं ते मला माहीत होतं. इमामसाहेब रोज दुपारच्या नमाजानंतर आईला भेटायला यायचे. एकदा पडद्याआडून अम्मीचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला: "येणारा येईल तेव्हा येईल, बेटा. माझी लेक कधी येणार तेवढं सांग." इमामसाहेब बाहेर आले, माझ्याकडे न बघता चपला घालू लागले आणि डाव्या पायात उजवी घालून निघाले. त्या हिवाळ्यात अम्मीचं खाणं अर्ध्यावर आलं होतं. डॉक्टरांनी पुठ्ठेवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता महिने मोजायचे. पुठ्ठेवाल्यांनी ते मला सांगितलं, आणखी कोणाला नाही. "भाईजानला सांगितलं तर तो आपाला हुकूम देईल, आणि हुकमानं ती यायची नाही," ते म्हणाले. "तिला सांगितलं तर ती रडत येईल, आणि अम्मीला कळेल की आपण चाललो. कसंही केलं तरी गाठ आणखी आवळते."

अशात दोघांनी पुस्तिका लिहिल्या. आधी इमामसाहेबांनी, 'हजरत ईसांचं परत येणं आणि पैगंबरीची अखेर' अशी. ते कळताच मास्तरांनी महिन्याच्या आत उत्तर लिहिलं. दोघांनीही चौकातल्या एकाच छापखान्यात छापायला दिलं आणि, एकमेकांशी बोलत नसले तरी, घरचा बाइंडर असताना दुसरीकडे कोण जाईल, म्हणून दोघांनीही बांधायला इथेच आणलं. प्रत्येकी दोनशे प्रती. प्रत्येक पुस्तिका बत्तीस पानांची, म्हणजे सोळा सोळा पानांचे दोन घडी घातलेले कागद. त्यांना फर्मा म्हणतात. पहिला फर्मा खाली, दुसरा वर, आणि दोन्हींना मिळून शिलाई. शुक्रवारी इमामसाहेब नमाजानंतर आपली पुस्तिका वाटणार होते, आणि मास्तर त्याच दिवशी वाचनालयात आपली ठेवणार होते.

बुधवारी सकाळी शिलाई संपली. कव्हर चढवण्याआधी पुठ्ठेवाले नेहमी एकेक नमुना पूर्ण करून मला देत, कडा सरळ कापली गेलीय का ते बघायला. त्या दिवशी इमामसाहेबांचाच नमुना तयार झाला होता. मी तो घरी नेला, कडा पाहिली आणि मग, माझ्यावर उस्तादांचं बंधन नसल्यामुळे, वाचला.

पहिली सोळा पानं इमामसाहेब बोलतात तशीच होती, लांबलचक, दमानं चढणारी वाक्यं. सोळाव्या पानाच्या तळाशी त्यांनी विचारलं होतं की मग ते येतील तेव्हा त्यांचा दर्जा काय असेल. आणि सतराव्या पानापासून सूर पालटला. वाक्यं तोकडी झाली. कोणी येणार नाही. आपल्याला जे सांगायचं होतं ते सांगून झालं. आता गृहपाठ आपला आपण करायचा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला वाटलं, लिहिता लिहिता माणसाचं मन बदललं. पन्नाशी उलटल्यावर, सगळ्या गल्लीसमोर, मेव्हण्याचं म्हणणं मान्य करायला केवढं काळीज लागतं. माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

चहाही न घेता मी खाली गेले. "पुठ्ठेवाले, भाईजाननी कमाल केली. मास्तरांचं सगळं मान्य केलंय."

त्यांनी खळीचा ब्रश खाली ठेवला. "काय मान्य केलंय?"

मी वाचून दाखवलं. दोन ओळींतच त्यांचा चेहरा खळीसारखा पांढरा पडला. त्यांनी गठ्ठ्यातली मास्तरांची एक प्रत ओढली, सतरावं पान उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर बांधायचा मजकूर वाचला. तिथे इमामसाहेब होते.

झालं होतं ते असं. टेबलावर चार ढीग होते. पहिल्या फर्म्यांवर नावं असल्यानं ते ओळखू येत. दुसरे फर्मे मात्र सारख्याच कागदाचे, सारख्याच टायपाचे, आणि दोन्हींवर सतरापासूनचे आकडे. एरवी छापखाना कोपऱ्यात खूण घालतो. दोनच फर्मे म्हणून या वेळी घातली नव्हती. सोमवारी जुळणी सुरू करायच्या आधी अम्मीनं पाणी मागितलं. ते उठले, पाणी पाजून आले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. फक्त जागेवरून ओळखायच्या दुसऱ्या फर्म्यांचं डावं उजवं झालं. वाचणाऱ्या माणसाच्या हे पहिल्याच प्रतीला लक्षात आलं असतं. यांनी चारशे प्रती शिवल्या.

"कोणाला सांगू नका. आपण दोघं उसवू," मी म्हटलं.

"चारशे, बाई? शुक्रवारपर्यंत?" ते खालीच बघत होते. "आणि भाईजानला नंतर कळलं तर म्हणेल, धाकट्यानं मुद्दाम केलं, मेव्हण्याकडून फितला. मास्तरांना वाटेल भाईजाननं करवलं. मग अम्मीच्या अखेरीलासुद्धा एका खोलीत यायचे नाहीत हे." थोडा वेळ ते दोऱ्याची लडी बोटाला गुंडाळत राहिले. मग सदरा बदलला आणि स्वतः दोन्ही घरी जाऊन दोघांना घेऊन आले. काय सांगून आणलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

माझ्या त्या दिवशीच्या नोंदीत आहे की इमामसाहेब पावणेबाराला आले, मास्तर बाराला पाच कमी असताना. पुठ्ठेवाल्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही.

"हे तुझं काम नाही," इमामसाहेब म्हणाले. "हे कोणी सुचवलेलं काम आहे."

"मला सुचवायचं असतं तर तुमची पहिली सोळा पानंही काढून टाकायला सांगितली असती," मास्तर म्हणाले.

पुठ्ठेवाल्यांनी दोघांपुढे एकेक प्रत आणि एकेक ब्लेड ठेवलं. "भांडायचं तर भांडा. पण हात चालू ठेवा. मधला दोरा कापायचा, कागद नाही."

आधी कोणी बसेना. मग मास्तरांनी प्रत उघडली, बहुधा सहज म्हणून, आणि शिक्षकाच्या सवयीनं त्यांचं बोट थांबलं.

"इथे कुराणातल्या आयतीचा आकडा चुकलाय."

"कुठे?" इमामसाहेबांनी मान पुढे केली. बघितलं. "छापखान्याची चूक."

"तुमच्या हस्ताक्षराची. तुमचा दोन कोणालाही तीन वाटतो."

"आणि तुम्ही हा अरबी शब्द कुठून आणलात? याचा अर्थ तुम्ही लिहिलाय तो नाही."

एकमेकांची चूक तशीच लोकांच्या हाती जाऊ देणं दोघांनाही जमणारं नव्हतं. इमामसाहेब स्टुलावर टेकले, मास्तर कागदाच्या गठ्ठ्यावर. पुठ्ठेवाल्यांनी त्यांच्याकडे लाल पेन्सिली सरकवल्या. दोघं चूक सापडली की हातानं सुधारायचे, मग पुढची प्रत. मी कापलेले दोरे गोळा करत होते.

वाद थांबला नाही. गुरुवारीही चालू राहिला.

"बरं, ते येतील तेव्हा नमाजाला पुढे कोण उभं राहील?" मास्तरांनी विचारलं. "पैगंबर हजर असताना तुमच्यासारखा इमाम पुढे?"

"तेच तर. ते मागे उभे राहतील. पुढे या म्हटलं तरी म्हणतील, नाही, तुमचा इमाम तुमच्यातलाच." इमामसाहेबांचा आवाज अचानक मऊ झाला. "मास्तर, मला त्यांच्या येण्यातलं हेच सगळ्यात आवडतं. एवढा मोठा माणूस परत येतो आणि रांगेत उभा राहतो."

दोन प्रती उसवून झाल्यावर मास्तर म्हणाले, "हे तुम्ही पुस्तिकेत का नाही लिहिलंत?"

"लिहिलंय. पान एकोणीस. तुमच्या पुस्तिकेत शिवलं गेलंय."

पुठ्ठेवाले तोंडावर बाही धरून हसले.

त्या गुरुवारी साडेबारा वाजून गेले. मास्तरांना वेळेवर जेवण लागतं, आणि सकाळी ते डबा न घेताच निघाले होते. दारात सावली पडली. आपा उभी होती, हातात कापडात बांधलेला डबा. बुटकी, गोरटेली बाई, धाकट्या भावासारखंच रुंद कपाळ.

"यांच्या गोळ्या जेवणानंतर असतात," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "डबा देते आणि जाते."

इमामसाहेबांच्या हातात ब्लेड तसंच राहिलं. पुठ्ठेवाले माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. तेवढ्यात पडद्याआडून अम्मीनं विचारलं, "कोण बोललं?"

इमामसाहेब उठले. त्यांच्या मांडीवरचे दोऱ्यांचे तुकडे खाली पडले.

"आत ये," ते बहिणीला म्हणाले. मग जरा थांबून, "डबा इथे ठेव. मास्तर आणि मी बसतो जेवायला. तू आत जा."

आपानं चपला काढल्या आणि पडदा सारून आत गेली.

मास्तरांनी डबा उघडला, एक वाटी इमामसाहेबांपुढे केली. पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "ते रांगेत उभं राहण्याचं ठीक आहे," त्यांनी सुरुवात केली, "पण मूळ मुद्दा तसाच—"

पुठ्ठेवाल्यांनी हात वर केला. पलीकडून अम्मीचा आवाज येत होता. ती लेकीला रागावत होती. केस किती विरळ झालेत, तेल लावत नाहीस, हा धाकटा माझी वेणी घालतो ती दोरखंडासारखी, बस इथे, तू घाल. आणि आपा नाक ओढत म्हणत होती, "हलू नकोस ना, अम्मी."

दोघं विद्वान ऐकत राहिले. मग इमामसाहेबांनी घास गिळला, मास्तरांकडे वाकले आणि अगदी हळू, पलीकडे जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मूळ मुद्दा काय म्हणालात?"