फिनिश कायद्याचं मूळ गाव

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो तालुक्याच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंमुळे. दोन शब्द सारखे दिसले की नातं जोडायला धावणाऱ्या पोराला त्या म्हणत, "आडनाव एक म्हणून भाऊ होत नाही रे. आधी कोश उघड."

ही सवय परदेशी नोकरी टिकवायला किती उपयोगी, ते पुढे सिंगापूरला कळलं.

तिथल्या तांजोंग पगार या भागात आमची कंपनी करारमदारांचं सॉफ्टवेअर करायची. ते बघायला फिनलंडच्या एक वकीलबाई येणार होत्या. फिनिशमध्ये कायद्याला 'लाकी' म्हणतात. आमचे मॅनेजर पुण्याचे. पुण्याबाहेर जन्मलेला शब्द त्यांना सहसा भेटतच नसे.

"'लाकी' आपल्या 'लेख'वरून आलाय. पहिलीच स्लाइड टाक. बाई खूश!"

"सर, कोशात जुन्या स्वीडिशमधून आल्याचं आहे. मूळ अर्थ, घालून दिलेलं ते. इंग्रजीतला 'लॉ'सुद्धा त्याच घरातला."

"आणि स्वीडिशमध्ये कुठून आला? वर वर जात राहा, शेवटी आपल्याच अंगणात पोचशील. तुमच्या तालुक्यात संस्कृत होतं का रे?"

"होतं सर. म्हणूनच म्हणतोय."

माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापुरात नोकरी करायचा परवाना, वाढवायची शिफारस त्यांच्याच हातात होती, म्हणून एवढ्यावर थांबलो. स्लाइड त्यांनी स्वतः केली. मागे ताडपत्राचं चित्रही लावलं. फिनलंडमध्ये ताड उगवत नसावेत, पण पुराव्याला झाडं कशाला लागतात?

मीटिंगमध्ये वकीलबाईंनी पहिल्याच स्लाइडवर थांबवलं. "हे कोणी शोधलं?"

सरांना एकाएकी विनय सुचला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सगळं श्रेय याचं."

"हे माझं नाही," मी म्हणालो. "शब्द स्वीडिशमधून आलाय."

"हो, आम्हाला शाळेतच सांगतात," म्हणत वकीलबाईंनी पुढची स्लाइड मागितली.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये जेवताना माझ्या टेबलावर ऐसपैस जागा होती; ऑफिसातल्या कोणालाच ती नको होती. जाता जाता सर म्हणाले, "तुझ्या पासचं बघू हं. घाई काय आहे?"

घाई एवढीच, की पास महिन्याभरात संपत होता.

रविवारी शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना पत्र लिहिलं:

"आदरणीय बाई, सा. न. वि. वि. मी इथे मजेत आहे, पण बहुधा पुढच्या महिन्यात घरी येईन. वडिलांना कारण तुम्हीच समजावून सांगा. मला कॉलेजात घालतानाही त्यांनी तुमचंच ऐकलं होतं. जो शब्द आपला नाही, तो आपला नाही म्हणालो, एवढंच झालं. फिनलंडचा कायदा संस्कृतवाचून राहिल्याचं ऑफिसात सगळ्यांना फार दुःख आहे. तुम्हाला नसावं. कळावे."