पिशवी दावा बरं!

पेशंटने नाव सांगायच्या आत ती म्हणायची, "पिशवी दावा बरं, मामा." आणि घरून आणलेली पिशवी सरळ पलंगावर पालथी करायची. गोळ्यांची पाकिटं, चष्म्याचं घर, अंगाऱ्याची पुडी, सगळं बाहेर. अख्खा वॉर्ड तिला 'पिशवी' म्हणायचा. मी जरा जास्तच मोठ्याने म्हणायचे, कारण मी तिच्यावर जळायचे. उगाच गोड कशाला बोला!

फार्मसीचं शिक्षण संपवून आम्ही दोघी चिंचवडच्या एका रुग्णालयात वर्षभराच्या प्रशिक्षणाला लागलो होतो. मी चिखलीची, कॉलेजात पहिली आलेली. ती निघोज्याच्या शेतकऱ्याची पोर, बोलण्यात सगळं 'व्हय' आणि 'न्हाई'. पेशंटला चालू असलेली औषधं तपासायची, एकमेकांना मारक तर नाहीत ना ते बघायचं, हे आमचं काम. वर्षाअखेर दोघींपैकी एकीलाच कायम करणार होते. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, अख्खी हयात कंपनीत कंत्राटावर काढली. 'कायम' हा शब्द आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवाइतका मोठा.

मी चार पेशंट संपवायचे तेव्हा ही बाई पहिल्याच्याच पलंगावर बसलेली. आमचे प्रशिक्षण घेणारे सर तिला झापायचे आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. पण पेशंट म्हणायचे, "त्या पिशवीवाल्या ताईंना बोलवा." अरे, सगळे डोस तोंडपाठ मला, आणि बोलवायचं हिला! माझं पाठांतर गेलं चुलीत.

एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, विचारलं की सांगतात ना पेशंट! पिशव्या कसल्या उपसतेस?"

ती म्हणाली, "माणूस खोटं बोलत न्हाई गं. त्याला आपला प्रश्न कळत न्हाई."

तळवड्याच्या कारखान्यातले एक काका चक्कर येते म्हणून दाखल झाले होते. माझे पेशंट. मी विचारलं, "घरी आणखी काही औषधं घेता का?" ते म्हणाले, "नाही." मी सही करून मोकळी. दोन दिवस त्यांची साखर सारखी खाली जात होती आणि कुणाला कारण सापडेना. तिसऱ्या दिवशी पिशवीने त्यांच्या उशाखालची पिशवी उपसली. आम्ही देत होतो तीच साखर कमी करायची गोळी, वेगळ्या नावाची, कंपनीच्या दवाखान्यातली. काका इथेही ती आपली आपण घेत होते. "कंपनीच्या फुकटच्या गोळ्या," काका म्हणाले, "त्याला काय औषध म्हणायचं?"

माझे अण्णाही अगदी हेच म्हणायचे. हे मला कळायला हवं होतं, तिला नव्हे!

सरांकडे जायचं तर ती म्हणाली, "तुझा पेशंट हाय, तूच सांग." मी सांगितलं. सर म्हणाले, "शाब्बास! कसं सापडलं?" मी म्हटलं, "पिशवी बघितली." कुणी बघितली, ते नाही सांगितलं. ती मागे उभी होती. ऐकत होती.

महिन्याभराने, त्याच काकांचा दाखला देऊन, मला कायम केलं. अण्णांनी चाळीत पेढे वाटले. मला वाटलं, आता ही भांडेल, चार लोकांत माझी अब्रू काढेल. छे! शेवटच्या दिवशी वालाच्या शेंगा घेऊन आली. "आईनं दिल्यात. अण्णास्नी घाल." एकदा तरी भांडायचंस की गं! मग मलाही तुझा राग राग करता आला असता.

ती चाकणजवळच्या एका छोट्या दवाखान्यात लागली. मी इथे मॅडम झाले. दरवर्षी नवी मुलं येतात आणि मी त्यांना पहिल्या दिवशी शिकवते, आधी पिशवी बघा. मुलं त्याला 'मॅडमची पद्धत' म्हणतात. मी कधी दुरुस्त केलं नाही.

गेल्या महिन्यात निघोज्याच्या एक आजी आल्या. मुलं वह्या घेऊन भोवती उभी. मी म्हटलं, "पिशवी दाखवा, आजी."

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "आगं बया! आमच्या चाकणकडच्या दवाखान्यातली पोर बी पयलं ह्येच म्हणती. तिनंच शिकवलं व्हय तुला?"

नाही म्हणायला काय लागत होतं?

"हो आजी, तिनंच," मी म्हटलं. "माझी ही नोकरीसुद्धा तिचीच आहे."

मुलांची पेनं थांबली. आजींना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.