बर्फातली भेग

हे मी कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

आमचं गाव साखरा. शेजारच्या तांड्यावरचा धनू माझा जिवाभावाचा दोस्त. मोठ्या लढाईच्या दिवसांत आम्ही दोघं पलटणीत गेलो, खेचरं हाकायला. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल लादून नेलेला. जनावरांचं त्याला काय शिकवायचं? मी आपला त्याच्या पाठोपाठ. आणि पाठवलं कुठं, तर उत्तरेकडच्या डोंगरात! उभ्या जन्मात गारांपलीकडं काही न पाहिलेली आम्ही माणसं, बर्फात खेचरं हाकू लागलो.

तिथल्या वाटाड्यानं एक गोष्ट आमच्याकडून घोकून घेतली होती. जुन्या घट्ट बर्फावर ताजा बर्फ पडला, की तो उतारावर नुसता टेकलेला असतो. त्यात आडवी भेग दिसली, की तिथूनच मागं फिरायचं.

त्या दिवशी वाटाड्या तापानं तळावर पडलेला. पुढं मी होतो, सोटा टेकत. भेग मला दिसली — बोटभर रुंद, उताराला आडवी. आणि खरं सांगू? मला आमचं रान आठवलं. वैशाखात काळी जमीन अशीच उलते, आणि तिच्यावरून आपण बिनघोर चालतो. क्षणभर बरंच वाटलं. मग वाटाड्याचे शब्द आठवले. आठवले — हेच तर सांगायचं आहे. पण आदल्याच दिवशी जमादारानं सगळ्यांदेखत मला भित्रा म्हटलं होतं. पुन्हा कोण हसं करून घेणार? मी भेग ओलांडली, पलीकडं पोचलो आणि मागं वळून हात केला — या.

धनू खेचरं घेऊन मधोमध आला, आणि सगळा उतार सरकला. आम्ही अंधार पडेपर्यंत उकरत होतो. तो जिवंत हाती लागला नाही.

एवढंच असतं तर — नाही, एवढंही थोडं नव्हतं. सुटीवर गावी आलो, तांड्यावर गेलो. धनूच्या वडिलांनी, धर्माकाकांनी, मला पाणी दिलं आणि कसं झालं ते विचारलं. माझ्या तोंडून निघालं, मी नको म्हणत होतो, त्यानंच ऐकलं नाही. का म्हणालो असं? त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना, म्हणून.

"तू सांगून राहिला व्हता, अन् त्यानं काहून ऐकलं न्हाई रे?" असं म्हणून काका रडले. मग त्यांना मेलेल्या पोराचा राग आला. तो त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. धनूची लेक जरा हट्टाला पेटली, की माझ्याकडं बोट करून म्हणायचे, "बापावानी करू नको. ह्या काकाचं ऐकत जा."

ती आता लेकुरवाळी आहे. घरात काही ठरवायचं झालं, की आधी माझ्याकडं येते. मी सांगतो, ते ऐकते.