मैदानाकडे पाठ करून बसणारे तायडे सर

तायडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईचा मार चुकवत होते. चारकोपला आमच्या सेक्टरात भीमजयंतीचा मांडव उभा राहत होता. आई चप्पल घेऊन मागे आणि मी मांडवाच्या खांबाभोवती. ती उजवीकडून आली की मी डावीकडे, ती थांबली की मीही थांबायची. तिथे एक उंच, सडपातळ गृहस्थ भाजीची पिशवी हातात घेऊन बघत उभे होते. ते आईला म्हणाले, "ताई, जय भीम. अजून थोडं पळवा की हिला. मारायचं मागाहून बघू." आई इतकी गांगरली की चप्पल पायात घालून घरात निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून मी सरांच्या खो-खोच्या मैदानावर.

सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले, म्हणून हा गौरव अंक निघतो आहे. संपादकांनी मला फोन केला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. गौरव अंकात गोडगोड लिहायचं असतं आणि माझी जीभ तशी नाही. शिवाय सरांच्या जुन्या पोरी माझं नाव वाचून भुवया उंचावतील हेही मला ठाऊक आहे. 'ऐनवेळी कच खाल्ली' ती रंजना मीच. पण सरांबद्दल खरं लिहायचं तर ते माझ्यावाचून कोणाला लिहिता येणार नाही. आमच्या त्या एका सामन्याने आम्हा दोघांचंही आयुष्य खाल्लं आहे.

सर दिवसभर एका कंपनीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. खेळ शिकवणारे पुष्कळ असतात. सरांना भीती शिकवता यायची. "घाबरू नका" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "घाबरलीस ना? बरं झालं. आता घाबरलेलीच पळ." खेळाडू दडपणाखाली आला की पाय नंतर जातात, आधी कान जातात, हे त्यांचं ठाम मत. म्हणून सराव चालू असताना ते मध्येच हळू आवाजात काहीतरी विचारायचे, "रंजे, आज डब्यात काय होतं?" उत्तर आलं तर मुलगी ठीक आहे. नाही आलं तर तिला बाहेर काढून पाणी द्यायचे. एकदा जिल्ह्याच्या सामन्याआधी आमची एक पोरगी मैदानाच्या कडेलाच ओकली. बाकीच्या नाकं दाबून लांब पळाल्या. सरांनी स्वतः त्यावर माती टाकली, तिचं तोंड धुतलं आणि म्हणाले, "हलकी झालीस, आज कोणाच्या बापाला सापडत नाहीस." ती खरोखर सापडली नाही.

माझ्या वडिलांना पोरीने अर्ध्या चड्डीत पळणं मान्य नव्हतं. सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आमच्या घरी आले, चहा प्यायले, सगळ्या गप्पा झाल्या, पण चड्डीचा विषय काही निघेना. शेवटी काकूच म्हणाल्या, "दादा, मी रोज मैदानावर बसेन. कोणी वाकडं बघितलं तर माझी चप्पल आहे." काकू पुढे खरंच बसायच्या, मांडीवर लसूण सोलत. सरांच्या कामाचा गौरव करताना त्या लसणाचाही करायला हवा.

आता तो सामना. राज्य स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि शेवटची पळती, म्हणजे बचावाची पाळी, आमची होती. सगळ्या बाद होऊन मी एकटी उरले होते. शिट्टी होईपर्यंत टिकले तर करंडक चारकोपचा. राज्याच्या संघात निवड, मग खेळाडू म्हणून नोकरी, हे सगळं त्याच्या मागे रांग लावून उभं होतं. मी चांगली पळत होते हो. खांबाजवळ एकीला हुलकावणी दिली आणि का कोण जाणे, सरांकडे बघितलं. सवयीने असेल, ते डब्याचं विचारतील म्हणून असेल. सरांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. तोंड उघडं, आवाज नाही. ज्या माणसाने आम्हाला भीती हाताळायला शिकवलं, त्याच्याच चेहऱ्यावर ती मावत नव्हती. माझे पाय जमिनीला चिकटले. मागून खो गेला, पाठीवर थाप पडली आणि मी बाद.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सर माइकवर जाऊन म्हणाले, "चूक माझी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय मोठं मन बघा, शिष्येला पाठीशी घालतात! सर खरं सांगत होते हे फक्त मला आणि त्यांना माहीत होतं. निवड गेली. मी खेळ सोडला. लग्न होऊन दिंडोशीला आले. सरांच्या मैदानावरून जावं लागू नये म्हणून कितीतरी वर्षं मी माहेरी लांबच्या रस्त्याने जात असे. सरांवर माझा राग होता. आजवर कुठे बोलले नाही, पण होता.

आणि सरांनी काय केलं? पुढच्या वर्षीपासून अंतिम सामन्याची शेवटची मिनिटं आली की ते आपली खुर्ची उचलायचे आणि मैदानाकडे पाठ करून बसायचे. लोकांनी त्याला नावं ठेवली. कोणी म्हणालं अंधश्रद्धा, कोणी म्हणालं म्हातारा आखडू आहे. सरांना फक्त आपला चेहरा कोणा पोरीला दिसू द्यायचा नव्हता. त्यांच्या मुली पुढे जिंकल्याही. सरांनी त्यातला एकही विजय पाहिला नाही. शिट्टी झाली की ते समोरच्या चणेवाल्याला विचारायचे, "काय झालं?" चणेवाल्याने सांगितलं की डोळे पुसून उठायचे. एवढी वर्षं या माणसाने पोरी घडवल्या आणि त्यांच्या सामन्यांचा शेवट बघितला तो चणेवाल्याच्या तोंडावर!

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. सरांना काचबिंदू आहे. उशिरा कळला. नळीतून बघावं तेवढंच दिसतं आणि गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू नेहमीप्रमाणे सरळ बोलल्या, "रंजे, डोळे जायच्या आत ह्यांना एक सामना शेवटपर्यंत बघू दे. तुझ्यापायी पाठ करून बसलेत, तूच उठव."

मला आधी संतापच आला. माझं गेलं ते कोण भरून देणार होतं? तरी गेले. सर खिडकीपाशी बसले होते. माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाले, "खरं सांग. माझं तोंड बघून तुझे पाय गेले ना?"

काकू दारातून मला खुणा करत होत्या, नाही म्हण, नाही म्हण. नाही म्हटलं असतं तर म्हातारा सुखावला असता. पण त्यांच्याशी खोटं बोलायला त्यांनीच शिकवलं नव्हतं.

"हो सर, गेले."

मग मीच बोलत सुटले. म्हटलं, "सर, पण ऐका. मला आईबापांनी, आपल्या खो-खो मंडळाने, नंतर नवऱ्यानेसुद्धा विचारलं, कशी गं बाद झालीस? त्या मैदानावर माझ्याइतकं घाबरलेलं दुसरं कोणीतरी होतं, हे आठवलं की मला जरा बरं वाटतं. तेवढंच त्या दिवसातलं माझ्यापाशी उरलंय. ते तुम्ही पाठ फिरवून काढून घेऊ नका."

बोलता बोलता मला रडू फुटलं. सरांनी अंदाजाने हात पुढे केला. तो माझ्या डोक्यावर न पडता खांद्यावर पडला.

यंदाचा अंतिम सामना मी त्यांच्या शेजारी बसून पाहिला. आपल्या मंडळाची एकच पोरगी उरली होती, किरकोळ अंगाची, भित्रट डोळ्यांची. शेवटची मिनिटं सुरू झाली आणि सर खुर्ची उचलायला उठले. मी खुर्ची धरून ठेवली. "बसा सर." ते बसले. चेहरा तोच, तस्सा काळाठिक्कर. पोरीने एकदा आमच्याकडे पाहिलंही. पोरगी पुढे पळाली, खांबाला वळली आणि घसरून पडली, तोच पाठीवर थाप बसली. बाद. आपण हरलो.

सर मान पुढे काढून बघत होते. पोरगी काही क्षण तशीच बसली. मग उठली, गुडघे झाडले, पाणी प्यायली आणि मैत्रिणीवर डाफरली, "माझी चप्पल कुठं टाकलीस गं?"

सर हळूच म्हणाले, "एवढंच असतं?"

"एवढंच, सर."

"मग मी इतकी वर्षं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही. माझीही तितकीच वर्षं त्यात होती.

सरांना दीर्घायुष्य, निरोगी आयुष्य लाभो असं या अंकात सगळेच लिहितील, आणि ते लाभावंच. माझं मागणं लहान आहे. डोळ्यांत जेवढा उजेड उरला आहे तेवढा सरांनी मैदानावर खर्च करावा. शेवटच्या मिनिटाला घाबरावं, खुशाल घाबरावं. फक्त खुर्ची फिरवू नये. सर, आम्ही बाद झालो तर गुडघे झाडून उठू. ते बघायला तुम्ही समोर पाहिजे.